पुरायच्या पापण्या

सुलास्मी म्बाहच्या, म्हणजे सुलास्मी आजीच्या, मते जगात दोनच प्रकारच्या बायका होत्या. देवाने दिलेला चेहरा ज्यांना पुरतो त्या पहिल्या, आणि ज्यांना तो पुरत नाही म्हणून करांगवुनी गावाच्या चुली पेटतात त्या दुसऱ्या. करांगवुनीत घरोघर खोट्या पापण्या बांधल्या जात. हे मत त्याच गावात, त्याच घरांच्या ओसरीवर बसून, त्यांचाच चहा पीत मोठ्याने मांडायला एक प्रकारचे धैर्य लागते. म्बाहपाशी ते होते. नवऱ्या सजवणारी दुसरी बाई पंचक्रोशीत नव्हती, तोवर गावानेही तिचे मत निमूटपणे ऐकून घेतले होते.

पापण्या बांधण्याचे काम साधे दिसे आणि डोळे खाई. हातभर लाकडी पाटीवर दोन खिळे, त्यांच्यामध्ये ताणलेला नजरेला न दिसणारा दोरा, आणि बारीक आकड्याच्या सुईने त्या दोऱ्यावर एकेका केसाची गाठ. शंभर-सव्वाशे गाठी झाल्या की एका डोळ्याची झालर तयार होई. मग कात्रीने टोके सारखी करायची, जोडी लावायची, आणि पुर्बालिंगाच्या कारखान्याची गाडी आली की पेटी तिच्या स्वाधीन करायची. पुढे त्या झालरी कुठल्या देशांतल्या कुठल्या डोळ्यांवर जातात, हे बांधणाऱ्यांनी कधी विचारले नाही. म्बाहने ते न विचारताच ठरवले होते. “ज्यांच्या डोळ्यांकडे जन्मात कुणी वळून पाहिलं नाही,” ती म्हणे, “त्या बायका. आता डोळ्यांवर झाडू बांधून फिरतात, म्हणजे निदान धूळ तरी बघेल.”

पापण्या लांब करण्याची विद्या तिला ठाऊक नव्हती असे मात्र नव्हे. ती विद्या तिला मावशीकडून मिळाली होती आणि मावशीला तिच्या आजीकडून. तान्ही मुलगी गाढ झोपली की लहान कात्रीने तिच्या पापण्यांची टोके केसभर छाटायची, म्हणजे त्या दाट येतात. केमिरीच्या बिया काळ्या होईतो भाजून त्यांचे तेल बोटाने फिरवायचे. लग्नाच्या सकाळी चमचा दिव्यावर कोमट करून त्याच्या पाठीवर पापण्या वळवायच्या, आणि दिव्याची काजळी तेलात कालवून त्यांना शेवटचा हात द्यायचा. यात कृत्रिम असे तिला काहीच वाटत नसे. असलेले वाढवणे ही मशागत आणि दुसऱ्याचे आणून चिकटवणे ही चोरी, असा तिचा भेद होता. एकदा भेद केला की त्याच्या दोन्ही बाजूंना काय काय येऊन उभे राहते, हे पाहण्याची सवय मात्र तिला नव्हती.

लग्न वेनिंगचे होते. करांगवुनीतल्या पापण्या बांधणाऱ्या बायकांची जी प्रमुख, त्या तार्सिनीची ही एकुलती मुलगी. लग्नाच्या आदल्या सकाळी म्बाह तिच्या केसांना धूप देत असताना मुलीने विषय काढला.

“म्बाह, एकच जोडी. पातळशी. आईनं स्वतः बांधलेली.”

“केस कुणाचे?”

“ते कुणाला माहीत? पेटीतून येतात.”

“मग! उद्या काझीसमोर तू बसणार, आणि तुझ्या डोळ्यांवर कुठली तरी मेलेली बाई बसणार. तिचीही संमती घ्यायची का?”

दारात पाटी मांडीवर घेऊन बसलेली तार्सिनी हसली, पण सुई थांबली. “म्बाह, त्या मेलेल्या बाईनंच हे घर उभं केलंय, हं. ही फरशी तिची. ते छप्पर तिचं. तुम्ही बसलाय ती चटईसुद्धा तिचीच.”

“म्हणून मी टेकून बसलेली नाही,” म्बाह म्हणाली.

वेनिंग सहज हार मानणारी नव्हती. “मी तान्ही असताना तुम्हीच माझ्या पापण्या कातरल्या ना? दाट येतील म्हणून? चोवीस वर्षं झाली, म्बाह. कधी यायच्या आहेत?”

“तू रडकी होतीस. रडक्या पोरींच्या पाण्यात जातात.”

“म्हणजे दोष माझा.”

“कात्रीचा तर नव्हता.”

या उत्तरानंतर वाद संपला असे म्बाहने धरले, कारण तिचे वाद नेहमी तिच्या उत्तरानंतर संपत. पण धुपाटण्यावर निखारे सारखे करताना तिचे मन स्वस्थ नव्हते. वर्षभरात तिच्याकडे आलेले हे पहिलेच लग्न होते. शहरात आता दिव्यांच्या आरशांपुढे बसवून तासाभरात नवरी करून देणाऱ्या पोरी झाल्या होत्या. त्या ना उपास करत, ना मंत्र म्हणत, ना कपाळावरच्या काळ्या नक्षीची टोके मोजत. नवरीच्या डोळ्यांवर मात्र दोन-दोन जोड्या चढवत. लग्नात नवरीचे वर्णन करणारा भाट तिच्या पापण्या आभाळाकडे पाहतात असे परंपरेने म्हणतो. म्बाहच्या मते त्या पोरींनी सजवलेल्या नवरींच्या पापण्या आभाळाकडे पाहत नसत, मांडवाच्या छताला टेकत. तरीही लोक त्यांच्याकडे जात होते, आणि म्बाहला हे लग्न मिळाले ते केवळ नवरा मुलगा सोलो शहरचा होता म्हणून. त्याच्या आजीची बहीण, एयांग सुक्मानिंग्रुम, सोलोच्या राजवाड्याच्या सावलीत वाढलेली होती. एका लग्नात केळ्यांचा घड चुकीच्या जातीचा निघाला म्हणून तिने अख्खी ताटे परत पाठवली होती, असे सांगत. जुनी रीत जाणणारी बाई हवी, असा त्या घरचा निरोप आला आणि तार्सिनीला म्बाहची आठवण झाली. उद्या एयांगने मान डोलावली, तर म्बाहचे नाव आणखी दहा वर्षे चालणार होते. तिने नाक मुरडले, तर धुपाटणे कायमचे माळ्यावर जाणार होते. हे सगळ्यांना ठाऊक होते, आणि म्बाहला सर्वांत जास्त.

दुपारी मंगलस्नान झाले. सात विहिरींचे पाणी, फुले, वडीलधाऱ्यांचे हात, सगळे रीतीप्रमाणे. स्नानानंतर म्बाहने वेनिंगच्या मानेवरची, आगकाडीच्या जाडीची आणि बोटभर लांबीची एक बट कापली. नवऱ्याची अशीच बट एयांग सोलोहून घेऊन येणार होती. दोन्ही बटा एकत्र बांधून नवरीच्या अंगणात पुरायच्या, म्हणजे दोघांच्या वाट्याचे सगळे अशुभ त्यांच्याबरोबर मातीत जाते.

या बटेविषयी म्बाहचा एक नियम होता आणि त्या नियमाला एक गोष्ट जोडलेली होती. बट एकदाच कापायची. दुसऱ्यांदा कापली की लग्नही दुसऱ्यांदा होते. तीस वर्षांपूर्वी बोबोत्सारीच्या, तिच्यासारख्याच नवऱ्या सजवणाऱ्या कासिनेमने एका नवरीची बट वाऱ्यावर गमावली आणि गुपचूप दुसरी कापली; दोन वर्षांत ती मुलगी पुन्हा बोहल्यावर उभी राहिली. ही गोष्ट म्बाहने प्रत्येक लग्नात, प्रत्येक नवरीच्या कानात आणि तिच्या आईला ऐकू जाईल अशा बेताने सांगितली होती. कासिनेमचा धंदा बसला त्यात या गोष्टीचा वाटा मोठा होता. त्या मुलीचा नवरा मलेशियाला कामाला गेला आणि तिथे त्याने दुसरे घर मांडले, हा भाग म्बाह गाळत असे. तो खोटा नव्हता. त्याचा बटेशी संबंध जोडता येत नव्हता, एवढीच त्याची अडचण होती.

आजही म्बाहने ती गोष्ट सांगितली. मग बट पांढऱ्या कागदात गुंडाळली, पुडी आतल्या खोलीच्या दाराशी फळीवर ठेवली आणि ती वेनिंगच्या कपाळावरची लव काढायला आत गेली. एयांग असरच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या, बांगेच्या सुमारास पोहोचणार होती. कारखान्याची गाडीही त्याच सुमारास यायची होती, पण गाडीशी म्बाहला कर्तव्य नव्हते.

दोन तासांनी ती बाहेर आली तेव्हा फळीवर पुडी नव्हती.

ओसरीवर तार्सिनीची धाकटी बहीण रुस्मी जोड्या लावत बसली होती. लग्नघर असले तरी कारखान्याची पेटी थांबत नाही. थोरली बहीण वधूमाय, म्हणून राहिलेले काम धाकटीने अंगावर घेतले होते.

“रुस्मी, इथली पुडी कुठाय?”

“कुठली?”

“पांढरी. कागदाची.”

“केसांची ना? ती मी बांधली.”

“बांधली म्हणजे?”

“बांधली म्हणजे बांधली, म्बाह. पापण्या केल्या. पेटीतले केस संपले, गाडी आता येईल, इतक्यात फळीवर दिसली. म्हटलं, ताईनं काढून ठेवली असेल. आमची पुडी अशीच येते की, पांढऱ्या कागदात.” रुस्मीने सुई केसांत खोचली. “केस मात्र काय सुरेख होते हो! रेशीम नुसतं. मी मघाशी म्हणालेसुद्धा, कारखान्याचा माल सुधारला बाई.”

म्बाह खाली बसली. तार्सिनी धावत आली, तिच्यामागे ओल्या केसांना पंचा गुंडाळलेली वेनिंग. काय झाले ते रुस्मीने पुन्हा सांगितले. या वेळी रेशमाचे वर्णन तिने गाळले. मग तार्सिनीने, चार माणसांत जो उपाय कुणालाही सुचेल तो सुचवला.

“दुसरी कापा, म्बाह. डोक्यावर आहेत की ढीगभर.”

कापता आली असती. कात्री कमरेलाच होती. पण समोर तीन बायका होत्या, आणि तिघींनाही कासिनेमची गोष्ट पाठ होती. रुस्मीने तर ती स्वतःच्या लग्नात ऐकली होती.

“मग माझं दुसरं लग्न कधी, म्बाह?” वेनिंगने अत्यंत निरागसपणे विचारले. “म्हणजे आधीच सांगा. कपडे तसे घेऊ.”

“वेनिंग!” तार्सिनी म्हणाली, पण हसू तिलाही आवरेना.

तीस वर्षे दुसऱ्यांसाठी खणलेला खड्डा आपल्याच दारात आहे, हे म्बाहला दिसले. शहाण्या माणसाने अशा वेळी खड्डा बुजवला असता. म्बाह शहाणी होती, पण त्याहून अधिक ती स्वतःच्या शब्दाला बांधलेली होती. शिवाय, हे तिच्या बाजूने नमूद केले पाहिजे की, त्या गोष्टीवर आता तिचाही विश्वास बसला होता. “दुसरी कापायची नाही,” ती म्हणाली. “आहे तीच शोधायची. रुस्मी, कुठल्या जोड्या?”

“ते कसं सांगू? सगळ्या ताटात एकत्र केल्या. बेचाळीस आहेत.”

“तुझ्या हातच्या तुला ओळखू येत नाहीत?”

“ओळखू येऊ नयेत हेच तर आमचं काम, म्बाह. ओळखू आल्या तर कारखाना परत पाठवतो.”

म्बाहने डोळे मिटले. पेटीतले केस कारखान्यात आम्लात उकळून, रंगवून येतात, त्यांना शिरक्याचा वास असतो, हे ती ओसरीवर बसून कितीदा नाक मुरडून बोलली होती. वेनिंगच्या केसांत सकाळपासून चंदन, मोगरा आणि केमिरीचे तेल मुरले होते. म्हणजे मार्ग एकच होता. “ताट इकडे आण,” ती म्हणाली.

अशा रीतीने, जिने आयुष्यात खोट्या पापणीला बोट लावले नव्हते, ती सुलास्मी म्बाह खिडकीखाली मांडी घालून बसली आणि एकेक जोडी चिमटीत धरून नाकाशी नेऊ लागली. इतक्या जवळून ती वस्तू तिने प्रथमच पाहिली. गाठी एका रांगेत होत्या. केसांमधले अंतर इतके सारखे होते की तिने स्वतः काढलेल्या कपाळावरच्या नक्षीलाही ते जमले नसते. काम वाईट नव्हते. हे ध्यानात येताच ती अधिकच चिडली.

“हळू श्वास घ्या, म्बाह,” रुस्मी म्हणाली. “आत गेली तर कारखान्याला काय सांगू?”

“तू गप्प बस. तुझ्यामुळे मी कुत्र्यासारखी हुंगत बसलेय.”

“कुत्र्याला तरी हाड मिळतं,” वेनिंग पुटपुटली.

सतरावी जोडी चालू असताना म्बाहला शिंक आली. ती साधी शिंक नव्हती. शिरक्याने तासभर चिडवलेल्या नाकाची होती. हुंगलेल्या आणि न हुंगलेल्या पापण्या एकत्र उडाल्या, चटईवर, वेनिंगच्या पंच्यावर, तार्सिनीच्या अंबाड्यावर. चौघीजणी गुडघ्यांवर रांगत त्या वेचू लागल्या. सगळे पहिल्यापासून सुरू झाले.

शेवटी तीन जोड्या मिळाल्या, ज्यांच्याविषयी शंकाच नव्हती. चंदनाचा वास स्वच्छ येत होता. चौथीला चंदनही होते आणि शिरकाही.

“ही ती,” रुस्मीने कबूल केले. “पुडीतले केस पुरेनात, म्हणून निम्मे पेटीच्या तळाला उरलेले घातले.”

म्बाहने ती जोडी तळहातावर घेतली आणि तिच्यापुढे असा प्रश्न उभा राहिला, जो मावशीने तिला कधी शिकवला नव्हता. ही पुरली, तर नवऱ्याच्या बटेशी कुठल्या परक्या बाईचेही अर्धे नाते जुळते. न पुरली, तर नवरीचे काही अशुभ जमिनीवरच राहते. तिने दोन्ही बाजू तोलल्या आणि परकी बाई मेलेली असावी, या आधारावर पुरण्याचा निर्णय दिला.

“बरं,” वेनिंग म्हणाली आणि तिने चार जोड्यांमधली एक चंदनाची जोडी उचलून मुठीत धरली. “ही माझी. उद्या मी हीच लावणार.”

“खाली ठेव. बट अख्खी पुरायची असते.”

“अख्खी? बुलिकनं टोकं कातरून केव्हाच झाडून टाकली,” वेनिंगने रुस्मीमावशीकडे बोट केले. “अंगणात कोंबड्या उकरतायत. म्हणजे अर्धी मातीत गेलीच की, म्बाह. आणि तुम्ही सकाळी काय विचारलंत? केस कुणाचे? माझे. माझ्याच मानेवरचे, तुम्हीच कापलेले, तुम्हीच धूप दिलेले. आता सांगा, ही चोरी की मशागत?”

म्बाहचा भेद तिच्यापुढे उभा होता आणि मुलगी त्याच्या योग्य बाजूला उभी होती.

“नसेल पटत तर एयांगना विचारू,” वेनिंग म्हणाली. “आल्याच वाटतं त्या.”

दाराशी खरोखरच मोटार थांबली होती. मुठीतली जोडी वेनिंगच्या पंच्यात गेली. उरलेल्या तीन जोड्या म्बाहने केळीच्या पानात घालून पान गुंडाळले, दोऱ्याने बांधले, आणि देवाने आजपर्यंत आपल्याकडून करवून घेतलेल्या सगळ्या उपासांची त्याला मनातल्या मनात आठवण करून दिली.

एयांग सुक्मानिंग्रुम उतरली ती दोघींच्या आधाराने, चांदीची डबी स्वतःच्या हातात धरून. तिची नजर अधू होती आणि चष्म्याशी तिचे वैर होते. लिंपलेल्या अंगणात मोगऱ्याखाली खड्डा तयार होता. तिने त्याच्याकडे पाहिले, मग म्हणाली, “खोल नाही.”

म्बाहने खोल केला.

“आता उघडा ते पान.”

“एयांग, पुरायचंच आहे ना...”

“सोलोत आम्ही पाहिल्याशिवाय पुरत नाही. इथं काय वाट्टेल ते पुरत असाल.”

म्बाहने पान उघडले. हिरव्या पानावर तीन जोड्या, सहा काळ्या झालरी, शिस्तीत पडल्या होत्या. तार्सिनीने ओढणी तोंडाशी नेली. एयांगने एक झालर उचलली, डोळ्याशी नेली, दूर नेली, पुन्हा जवळ आणली. म्बाहपाशी एक खरे आणि एक खोटे अशी दोन उत्तरे तयार होती. कोणते द्यायचे, एवढेच ठरायचे होते.

“बट विणलेली आहे,” एयांग म्हणाली.

“होय, एयांग,” म्बाहच्या तोंडून निघाले. हे दोहोंतले कोणते, तिचे तिलाही कळले नाही.

“एकेका केसाला गाठ.”

“एकेकाला, एयांग,” रुस्मी पुढे सरकली. “पाहा ना, एकही सुटायची नाही.”

“दिसतंय मला.” एयांगने आपल्याबरोबरच्या दोन सुनांकडे वळून पाहिले, आणि तिचा आवाज चढला. “बघून घ्या. राजवाड्यात अशीच रीत होती. सुटे केस पुरतात ते शेतकरी. माझ्या आजीच्या वेळचं हे. सोलोतसुद्धा आता कुणाला ठाऊक नाही, आणि या कोपऱ्यातल्या गावात एका बाईनं जपलंय.”

म्बाह तिच्याकडे पाहत राहिली. राजवाड्यात अशी रीत नव्हती. कुठेच नव्हती; त्याच दुपारी जन्मलेली रीत तिच्या आजीच्या वेळची असणे शक्य नव्हते. ही बाई अडाणी होती, आंधळी होती आणि आपले अडाणीपण आंधळेपणाने राजवाड्याच्या नावावर खपवत होती. म्बाहच्या आयुष्यात तिरस्काराला इतके लायक माणूस क्वचितच आले होते, आणि ते यावे तर अशा वेळी की तिला मान खाली घालून उभे राहावे लागत होते.

“मावशीनं शिकवलं, एयांग,” ती म्हणाली.

वेनिंगला खोकला आला.

चांदीच्या डबीतली बट पापण्यांवर ठेवली गेली. नवऱ्याची बट जाड आणि राठ होती; रुस्मीने तिच्याकडे धंद्याच्या नजरेने पाहिले आणि मान हलवली. तार्सिनीने आणि एयांगने मूठमूठ माती लोटली. तेवढ्यात फाटकाशी कारखान्याच्या गाडीचा हॉर्न वाजला. रुस्मी पेटी घेऊन धावली. चार जोड्या कमी का, असे गाडीवाल्याने विचारले तेव्हा तिने लग्नात लागल्या म्हणून सांगितले, आणि त्या दिवशी त्या घरात बोलले गेलेले हे बहुधा एकमेव पूर्ण सत्य होते.

दुसऱ्या दिवशी वेनिंगच्या डोळ्यांवर तिचेच केस म्बाहने स्वतःच्या हाताने चिकटवले. नवऱ्या सजवण्याच्या एकोणचाळीस वर्षांत न केलेली गोष्ट तिने वाईट केली. डिंक जास्त झाला, डावी बाजू किंचित वर गेली. “खाली बघ, म्बाह सांगते तसं,” ती पुटपुटत होती, आणि वेनिंग खाली बघत हसू दाबत होती. भाटाने पापण्या आभाळाकडे पाहतात असे म्हटले. डावी खरोखरच पाहत होती. पण आईवडिलांच्या गुडघ्यांवर डोके टेकवून आशीर्वाद मागण्याची वेळ आली, तेव्हा वेनिंग रडली. लहानपणी रडायची तशीच, हिशेब न ठेवता. ती उठली तेव्हा डावी पापणी तार्सिनीच्या बाटिकच्या वस्त्रावर चिकटून राहिली होती. तार्सिनीने ती अलगद उचलून कमरेला खोचली. एयांगने काहीच पाहिले नाही. तिने जाताना म्बाहला जवळ बोलावून, सोलोला येऊन नातीचे लग्न करून दे, असे फर्मावले.

पाहुणे गेल्यावर, सकाळी कोंबड्या सोडायच्या आधी, म्बाह एकटीच तार्सिनीच्या अंगणात आली. डावी पापणी तार्सिनीकडून आणि उजवी वेनिंगच्या आरशाशेजारून तिने मागून घेतली होती. मोगऱ्याखालची माती तिने हाताने उकरली, दोन्ही आत घातल्या, मंत्र म्हटला आणि माती सारखी केली. कुणी पाहिले नाही. पाहिले असते, तर कोंबडी पुरते आहे असे तिने सांगितले असते.

पाच महिन्यांनी शेजारच्या गावची एक वधूमाय मुलीला घेऊन तिच्या ओसरीवर आली. केळी, नारळ, नमस्कार झाले. मग तिने अदबीने विचारले, “म्बाह, पुरायच्या पापण्या तुम्ही आणता, की आम्ही बांधून घ्यायच्या?”

म्बाहने चहाचे फुलपात्र खाली ठेवले. “कुणी सांगितलं तुला?”

“आता सगळेच करतात की. जुनी रीत आहे ना, राजवाड्याची? ती बोबोत्सारीची कासिनेमसुद्धा करते. पुन्हा कामं मिळायला लागलीत तिला. ती मात्र पेटीतल्या तयार घेते. तिच्याकडं जाणार होते, पण म्हटलं, आधी तुम्हाला विचारावं.”

“पेटीतल्या?” म्बाहचा आवाज गावाने पुष्कळ दिवसांत ऐकला नव्हता इतका वर गेला. “परक्या बाईच्या? शिरक्यात उकळलेल्या? आणि त्या नवरीच्या म्हणून पुरते?”

“का, चालत नाही?”

“अगं, बट नवरीचीच हवी. सकाळपासून धूप दिलेली. बांधायची ती करांगवुनीत, रुस्मीच्या हातून. टोकं कातरायची नाहीत. आणि पुरण्याआधी प्रत्येक जोडी हुंगून घ्यायची. हे कासिनेमला कुणी शिकवलं? तिला जुन्यातलं काय कळतं?” म्बाह पुढे झुकली आणि आवाज खाली आणला, पण ओसरीखाली उभ्या असलेल्या मुलीला ऐकू जाईल इतपतच. “गेल्या गुरुवारी तिनं पेटीतल्या पापण्या पुरून एक लग्न लावलं. त्या मुलीचं काय झालं, ठाऊक आहे?”

वधूमायने छातीवर हात ठेवला. “काय झालं?”

“अजून काही नाही,” म्बाह म्हणाली. “पण होईल.”